किल्ली कुणाच्या हातात?

(नागपुरातील वस्त्यांमधल्या महिला मंडळांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो,

आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा दोघी-तिघींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, स्कूल बसचा ड्रायव्हर हा बायकांच्या चळवळीचा विषय कधीपासून झाला?" प्रश्न बरोबर आहे. मारहाण, पोटगी, रेशन, दारूचं दुकान हे आपले विषय. मग हे आरटीओचं काम आपण अंगावर का घ्यायचं? मी माझ्यापासूनच सुरुवात करते.

माझी मुलगी दुसरीत होती तेव्हाची गोष्ट. मी नोकरी करत होते. सकाळी सव्वासातला दारात व्हॅन यायची. व्हॅनवाल्याला आम्ही सगळ्या 'काका' म्हणायचो. माणूस स्वभावाने चांगला, पोरांना जीव लावणारा. एका सकाळी मुलीचं दप्तर आत ठेवताना मला वास आला. रात्रीच्या दारूचा वास. तो वास कसा असतो हे इथे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. मी दप्तर ठेवलं, मुलीला बसवलं, दार लावलं आणि घरात आले. तो वास पुढेही आला. मी तीन महिने कुणाला एक शब्द बोलले नाही.

का बोलले नाही? व्हॅन बंद झाली तर मुलीला कोण सोडणार? नवरा म्हणणार, "तूच बघ." हजेरीपटावर लाल रेघ माझ्या नावापुढे लागणार. शिवाय दुसरी व्हॅन महाग. आणि मनात हेही होतं की उगीच एखाद्या गरिबाच्या पोटावर पाय कशाला द्या.

मग एके दिवशी व्हॅन दुभाजकावर चढली. नशीब म्हणायचं, कुणाचा जीव गेला नाही. एका मुलीचा हात मोडला. त्या संध्याकाळी आम्ही आया एका घरी जमलो, तेव्हा कळलं की पाच जणींना तो वास आला होता. पाचही जणी गप्प होत्या. प्रत्येकीला वाटत होतं, फक्त मलाच आला, मी बोलले तर माझंच अडेल. मैत्रिणींनो, घरातल्या मारहाणीबद्दल आपण वर्षानुवर्षं हेच ऐकत आलो ना? म्हणून म्हणते, हा आपला विषय आहे. मूल शाळेत पोचवणं ही घराघरात बाईची जबाबदारी धरली जाते. मग ती पोचवण्याची व्यवस्था कशी असावी, हे ठरवताना बाईला कुणी का विचारत नाही?

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते. हे पाठ असलेलं बरं, म्हणजे गिरीपेठच्या आरटीओ कार्यालयात किंवा शाळेच्या ऑफिसात कुणी आपल्याला गप्प बसवू शकणार नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या १८५ व्या कलमाप्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली तर तो गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. गांजा किंवा दुसऱ्या कुठल्या नशेत वाहन ताब्यात ठेवता येत नसेल, तर तोही याच कलमात येतो. कायदा कडक आहे. पण चाचणी केव्हा होते? रस्त्यावर पोलिसाने अडवलं तर. आणि नाकाबंदी लागते बहुधा रात्री, तरुण पोरांच्या गाड्यांसाठी. सकाळी सात वाजता मुलांनी भरलेली पिवळी बस अडवून ड्रायव्हरला फुंकायला लावताना तुमच्यापैकी कुणी पाहिलंय? मी तरी पाहिलेलं नाही.

१९९७ साली १८ नोव्हेंबरला दिल्लीत वजिराबादजवळ शाळेची बस यमुनेत कोसळली आणि २८ मुलं बुडाली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बससाठी आदेश दिले. वेगावर नियंत्रण ठेवणारं यंत्र हवं, सोबत मदतनीस हवा. आणि दारू पिऊन, भरधाव किंवा धोकादायक वाहन चालवल्याबद्दल ज्याच्यावर एकदाही खटला झाला आहे, त्याला शाळेच्या बसवर ठेवायचं नाही. एकदाही नाही!

आपल्या महाराष्ट्रात २०११ साली स्कूल बसचे स्वतंत्र नियम आले. त्यांत प्रत्येक शाळेत परिवहन समिती सांगितली आहे. मुख्याध्यापक अध्यक्ष आणि सोबत पालकांचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, आरटीओचा अधिकारी, बस ठेकेदाराचा प्रतिनिधी. मुली असतील त्या बसमध्ये बाई मदतनीस हवी, हेही आहे. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१२ मध्ये, आपल्या नागपुरात शाळेच्या बसखाली येऊन एका लहान मुलाचा जीव गेला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा विषय स्वतःहून जनहित याचिका म्हणून हाती घेतला. म्हणजे नियम आहेत आणि कोर्टाने कान धरलेला आहे. आता हात वर करा बरं. आपल्या मुलाच्या शाळेतल्या परिवहन समितीत पालकांचा प्रतिनिधी कोण आहे, हे कुणाकुणाला माहीत आहे?

(दोन हात वर आले.)

बघा. दोघी.

आता परवान्याकडे येऊ. मोठी बस चालवायची तर त्या वर्गाचा वेगळा परवाना लागतो. त्याच्या शिकाऊ परवान्यासाठी आधी वर्षभर हलक्या वाहनाचा परवाना हातात हवा आणि वय वीस हवं. मोटार ट्रेनिंग स्कूलचं प्रमाणपत्रही लागतं. पण त्या शिक्षणात गियर आहे, ब्रेक आहे, रस्त्याच्या खुणा आहेत. मूल उतरल्यावर बससमोरून पळतं तेव्हा काय करायचं, पोरं मागे भांडत असताना लक्ष रस्त्यावर कसं ठेवायचं, याचा वेगळा शेरा परवान्यावर नाही. पेट्रोलचा टँकर चालवणाऱ्याला मात्र वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि तसा शेरा परवान्यावर मारून घ्यावा लागतो. पेट्रोल पेट घेतं म्हणून. मग चाळीस लेकरं हा साधा माल आहे का?

आणि लहान व्हॅनची गोष्ट आणखी निराळी. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला की साडेसात हजार किलोच्या आतल्या प्रवासी किंवा मालवाहू गाडीसाठी साधा हलक्या वाहनाचा परवाना पुरे. या निकालाने हजारो गरीब ड्रायव्हरांची रोजीरोटी वाचली, अपघातग्रस्तांच्या विम्याचे तंटे मिटले. मी निकालाला नावं ठेवत नाही. पण आपल्यासाठी त्याचा अर्थ ओळखा. घरची कार चालवण्याचा जो परवाना, त्याच परवान्यावर तुमची पोरं भरलेली व्हॅन चालते. त्यात ही व्हॅन आपण आयांनी ठरवलेली, पैसे आपण देतो. म्हणून शाळा म्हणते, "ती आमची गाडी नाही." मग जबाबदार कोण? 'काका'वरचा विश्वास! विश्वास चांगली गोष्ट आहे. पण विश्वासाला ब्रेक नसतो.

आता चाचणीचं. रेल्वेचा लोको पायलट ड्युटीवर हजर होतो तेव्हा यंत्रात फुंकतो. विमानाच्या वैमानिकाची उड्डाणाआधी श्वासचाचणी होते. कुणी त्यांना दारुडा म्हणत नाही. तो कामाचा भाग आहे. मग याच शहरात शाळेच्या बसवर चढणाऱ्या ड्रायव्हरने फुंकलं तर त्याचा अपमान कसा होईल?

अमेरिकेचं उदाहरण देते, ते देश मोठा म्हणून नव्हे. तिथे १९८० साली कँडेस लाइटनर या बाईची मुलगी दारुड्याच्या गाडीखाली गेली. त्या बाईने आयांची संघटना काढली आणि दारू पिऊन गाडी चालवणं ही 'चूक' नसून गुन्हा आहे, हे देशाला मानायला लावलं. पुढे १९९१ साली तिथे वाहतूक कामगारांच्या चाचणीचा कायदा झाला. स्कूल बसच्या ड्रायव्हरला परवान्यावर वेगळा शेरा घ्यावा लागतो. त्यासाठी लेखी आणि प्रत्यक्ष अशा वेगळ्या परीक्षा आहेत. नोकरीआधी अमली पदार्थांची चाचणी होते. पुढे दारू आणि अमली पदार्थ दोन्हींची चाचणी अचानक चिठ्ठी काढल्यासारखी, गंभीर अपघातानंतर आणि संशय आल्यास होते. गंमत पाहा, त्यांची दारूची मर्यादा ४० मिलिग्रॅम, आपली ३०. कागदावर आपण त्यांच्याहून कडक! फरक इतकाच की तिथे चाचणी करणं मालकाला बंधनकारक आहे, इथे ती पोलिसाच्या मर्जीवर आहे.

हे का सांगते? ११ एप्रिल २०२४ ची गोष्ट आठवा. हरियाणात महेंद्रगड जिल्ह्यात कनिनाजवळ शाळेची बस झाडाला धडकून उलटली. सहा मुलं गेली. ईदची सुट्टी होती तरी शाळा भरवली होती. ड्रायव्हर प्यायलेला होता. आणि बातम्यांत असंही आलं की वाटेतल्या गावकऱ्यांना त्याची अवस्था दिसली होती, त्यांनी बस अडवून किल्ली काढून घेतली होती. शाळेकडून समजूत घातली गेल्यावर ती परत दिली. ती बातमी वाचल्यापासून ती किल्ली माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. किल्ली हातात आली होती, पण ती हातात ठेवण्याचा अधिकार त्या लोकांना नव्हता. माझ्या त्या तीन महिन्यांत मीही तशीच होते.

आता दुसरी बाजू. ती सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. आपल्या केंद्रावर एक बाई येते. तिचा नवरा स्कूल बसवर आहे. हा विषय निघाला तेव्हा ती उसळून म्हणाली, "ताई, तुम्ही मशीन लावाल, त्याचा परवाना जाईल, मग मी खाऊ काय?" त्याचा दिवस तिने मोजून सांगितला. पहाटे पाचला उठणं, सकाळची शाळा, दुपारची शाळा, मग एमआयडीसीच्या कामगारांची फेरी, लग्नसराईत रात्री वऱ्हाड. नागपूरच्या उन्हात इंजिनाशेजारी बसून. झोप चार तास. उन्हाळ्याच्या सुट्टीत पगार नाही. शेवटी ती हळूच म्हणाली, "तो पितो हे मला मशीनशिवाय कळते. मला कोणी इचारलंच नाही."

तिच्या बोलण्यातून मी दोन गोष्टी शिकले. एक, नुसतं यंत्र आणून काम होणार नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ चा कायदा होता, त्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा होती. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या ठेकेदाराला तो लागू होत असे. झोप न झालेला माणूस न पिताही तितकाच धोक्याचा. दोन, चाचणी सगळ्यांची आणि रोज हवी, एकट्यादुकट्याला पकडून नाही. चाचणीत सापडला तर त्या दिवशी बस दुसऱ्याने न्यायची, त्याला उपचाराला पाठवायचं, बरा झाल्याची खात्री झाल्यावर परत घ्यायचं. वारंवार सापडला तर मात्र मुलांच्या गाडीवर नाही.

आणखी एक बाई आहे, तिच्याकडे आपलं लक्षच जात नाही. बसमधली मदतनीस. २०२४ मध्ये बदलापूरची घटना झाली तेव्हा सगळीकडून मागणी आली, शाळेत बाई ठेवा, बसमध्ये बाई ठेवा. ठेवली. तुटपुंज्या पगारावर, ठेकेदाराच्या मर्जीवर, ड्रायव्हरच्या हाताखाली. ड्रायव्हर प्यायलेला आहे हे सगळ्यांत आधी तिलाच कळतं. पण ती बोलली तर दुसऱ्या दिवशी तीच घरी. बाई नुसती बसवून सुरक्षा येत नाही. "आज ही बस निघणार नाही," असं म्हणण्याचा लेखी अधिकार तिला हवा, आणि तसं म्हटल्याबद्दल तिची नोकरी जाणार नाही याची हमी हवी.

आपल्या विदर्भाला दारूशी लढणाऱ्या बायांची परंपरा आहे. शेजारच्या वर्ध्यात १९७५ पासून दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपूरच्या बाया डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून पायी चालत नागपूरच्या अधिवेशनावर आल्या. २०१५ साली त्यांच्या जिल्ह्यात बंदी झाली आणि २०२१ मध्ये उठलीही. सरकारं देतात आणि काढून घेतात. म्हणून या वेळी मागणी लहान ठेवू, पण धरून ठेवू.

या महिन्यात प्रत्येक मंडळाने आपल्या भागातल्या एका शाळेत जायचं. एकटीने नाही, पाच जणींनी. चार गोष्टी विचारायच्या. परिवहन समिती आहे का, आणि तिची मागची बैठक केव्हा झाली? प्रत्येक ड्रायव्हरच्या परवान्याची आणि जुन्या खटल्यांची नोंद शाळेकडे आहे का? सकाळी बस निघण्याआधी श्वासचाचणी होते का, तिची वही कुठे आहे? बाई मदतनिसाला बस थांबवण्याचा अधिकार दिला आहे का? उत्तरं लिहून आणा. व्हॅनवाल्या काकांशीही बोला, तेही प्रेमाने. त्यांच्या बायकोशी आधी बोला.

आणि कुणाला सकाळी दप्तर ठेवताना वास आला, तर दार लावून घरात येऊ नका. शेजारणीला हाक मारा. मी मारली नाही. एका मुलीचा हात मोडेपर्यंत मारली नाही.