निवृत्त सैनिक, व्यसनमुक्ती आणि आपले कर्तव्य

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी व्यसनासारखा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. परंतु ज्या संस्थेने पन्नास वर्षे गावाचे सुखदुःख आपले मानले, तिच्यापुढेच अवघड विषय विश्वासाने मांडता येतो. माझी उमेदीची वर्षे सैन्याच्या वैद्यकीय सेवेत गेली आणि निवृत्तीनंतर माजी सैनिकांच्या व्यसनमुक्तीच्या कामाशी माझा संबंध राहिला. तेवढ्याच अधिकाराने मी आज आपल्यापुढे उभा आहे.

आपला हा कृष्णाकाठ सैनिकांचा आहे. शिरोळ तालुक्यातील एका गावाचे नावच सैनिक टाकळी. साताऱ्याकडील अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले आणि त्या गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा लागला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावला. त्यामुळे निवृत्त फौजी आपल्याला परका नाही. तो आपल्या शेताचा बांधकरी आहे, आपल्या पतसंस्थेच्या दारावरचा रखवालदार आहे, आपल्या मुलाच्या वर्गमित्राचा पिता आहे. मद्याला सप्तव्यसनांत गणणाऱ्या समाजाला 'हा प्रश्न आमचा नव्हे' असे म्हणणे सोपे वाटते. पण प्रश्न शेजारच्या अंगणात असतो, तेव्हा तो आपल्याही उंबरठ्यावर असतो. आणि खरे सांगायचे तर काही वेळा तो उंबरठ्याच्या आतही असतो, फक्त त्याची वाच्यता होत नाही.

प्रथम हे व्यसन जडते कसे ते पाहू. आपल्याकडील सामान्य जवान पंधरा ते एकोणीस वर्षांच्या सेवेनंतर, म्हणजे वयाच्या चाळिशीच्या आसपास घरी येतो. अन्य नोकरदार ज्या वयात बढतीची वाट पाहतो, त्या वयात हा 'निवृत्त' ठरतो. सैन्यातही मद्य होतेच. परंतु तेथे त्याला वेळ होती, माप होते, सोबत होती आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची परेड होती. गावी आल्यावर परेड संपते, सोबती देशभर विखुरतात, माप सुटते. मात्र कॅन्टीनचे कार्ड खिशात राहते. शिस्तीने ज्याला बांधून ठेवले होते ते मोकळे सुटते.

त्यात काहींच्या वाट्याला अधिक दुःसह अनुभव आलेले असतात. डोळ्यांदेखत सोबती गेलेला असतो, स्वतः मृत्यूच्या जबड्यातून परतलेला असतो. रात्री झोप लागत नाही. लागली तर तेच दृश्य पुन्हा दिसते. या विकाराला वैद्यकशास्त्राने १९८० मध्ये स्वतंत्र निदानाचा दर्जा दिला. असा मनुष्य झोपेसाठी म्हणून पेला उचलतो. मद्याने झोप लवकर लागते हे खरे, पण ती तुटक असते आणि पहाटे जाग आणते. मग दुसऱ्या रात्री माप वाढते. म्हणून अशा रुग्णाची केवळ बाटली काढून घेऊन भागत नाही. त्याच्या मनावरील आघाताचाही उपचार सोबतच व्हावा लागतो.

परिस्थितीचा व्यसनाशी किती निकटचा संबंध आहे याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. व्हिएतनाम युद्धात अनेक अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले. ते १९७१ मध्ये मायदेशी परतल्यावर डॉ. ली रॉबिन्स या विदुषीने त्यांचा मागोवा घेतला. तेथे व्यसनाधीन झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा त्या व्यसनात सापडलेल्यांचे प्रमाण सुमारे ५ टक्केच आढळले. रणभूमी सुटली, तो माल सुटला, ती संगत सुटली. बहुतेकांचे व्यसनही सुटले. आपल्या जवानाचे नेमके उलट होते. त्याला सावरणारी संगत मागे राहते आणि पेला बरोबर येतो. म्हणूनच त्याला नवी संगत देणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

व्यसनाधीनता हा आजार आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेने फार पूर्वी मान्य केले आहे. तरीही उपचारापर्यंत पोहोचतात किती? केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना मद्यामुळे उद्भवलेल्या समस्येसाठी मदतीची गरज होती. आणि मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला काही ना काही उपचार मिळाला होता. उरलेल्या सदतीस जणांमध्ये फौजीची अडचण आणखी वेगळी. 'तक्रार करायची नाही, दुखणे दाखवायचे नाही' हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. मदत मागणे त्याला पाठ दाखविण्यासारखे वाटते.

आता मी एका नाजूक मुद्द्याकडे येतो. आपल्या समाजात व्यसनी मनुष्याला एखाद्या पर्वाच्या दिवशी नियम देण्याची, शपथ घेवविण्याची पद्धत आहे. त्यामागील करुणेविषयी मला नितांत आदर आहे. ज्याचे पिणे अधूनमधूनचे आहे त्याला असा नियम तारू शकतो. परंतु जो वर्षानुवर्षे रोज, सकाळपासून पितो, त्याने वैद्यकीय देखरेखीवाचून एकाएकी मद्य बंद करणे जिवावर बेतू शकते.

माझ्या पाहण्यातील एका निवृत्त हवालदाराने वडीलधाऱ्यांच्या समक्ष शपथ घेतली आणि ती प्रामाणिकपणे पाळली. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, घाम सुटला. तिसऱ्या रात्री त्याला उसाच्या फडात शत्रू दिसू लागले. घरच्यांनी बाहेरची बाधा समजून अंगारा लावला. सुदैवाने एका शेजाऱ्याने त्याला रुग्णालयात नेले आणि तो वाचला. मद्य थांबल्यावर साधारण सहा ते चोवीस तासांत कंप आणि अस्वस्थता सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, ताप, बेभानपणा अशी अवस्था येऊ शकते. या अवस्थेला उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवतो. रुग्णालयात योग्य औषधे आणि 'बी-१' जीवनसत्त्वाची इंजेक्शने देऊन हेच दिवस सुखरूप पार पाडता येतात. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे : नियम अवश्य द्या, पण आधी डॉक्टरांकडे न्या. संकल्प आणि उपचार यांत विरोध नाही. क्रम मात्र सांभाळावा लागतो.

मदत कोठे मिळेल, हे आता क्रमाने सांगतो. निवृत्तिवेतनधारक माजी सैनिक व त्यांचे अवलंबित यांच्यासाठी २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना आहे. आपण तिला ईसीएचएस म्हणून ओळखतो. तिच्या पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन पिण्याची हकिगत जशीच्या तशी सांगावी. तेथील डॉक्टर लष्करी रुग्णालयातील मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवू शकतात. योजनेत कोणता खर्च बसतो, हे भरती होण्यापूर्वीच विचारून घ्यावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही मार्गदर्शन मिळते. ज्याला ही दारे तूर्त नकोशी वाटतात, त्याच्यासाठी कोल्हापूर व मिरज येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे मानसोपचार विभाग खुले आहेत.

दूरध्वनीवरूनही प्रारंभ करता येतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक निःशुल्क आहेत. सैन्यदलांतील व्यक्ती आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी टेलि-मानसचा विशेष कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. नाव सांगण्याचा संकोच असणाऱ्याला हा पहिला दरवाजा सोयीचा आहे.

शरीरातील मद्य उतरविण्याचे काम आठ-दहा दिवसांत होते. मनातील मद्य उतरण्यास दीर्घ काळ लागतो. त्यासाठी निवासी केंद्रे आहेत. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेले 'मुक्तांगण' आपल्या सर्वांना ठाऊक आहे. परंतु प्रत्येक पाटी लावलेले केंद्र मुक्तांगण नसते. केंद्र निवडताना काही गोष्टी पाहाव्यात. ते कायद्याप्रमाणे नोंदणीकृत आहे काय? डॉक्टर नियमित येतात काय? कुटुंबीयांना भेटू देतात काय? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास बंदी केली आहे आणि क्रूर वागणुकीपासून त्याला संरक्षण दिले आहे. मद्य व अमली पदार्थांच्या सेवनातून उद्भवणारे विकारही त्या कायद्याच्या कक्षेत येतात. जेथे मारहाण होते ते स्थान उपचाराचे नव्हे. तसेच 'रुग्णाच्या नकळत चहातून द्या' अशा जाहिरातींना भुलू नये. काही औषधे घेतलेली असताना मद्य घेतल्यास तीव्र प्रतिक्रिया उमटते. असे औषध न सांगता देणे प्राणघातक ठरू शकते.

उपचारानंतरचा काळ सर्वांत कठीण, आणि तेथेच नव्या संगतीची गरज लागते. 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि १९५७ पासून ती भारतात आहे. तिच्या दोन संस्थापकांपैकी बिल विल्सन हे पहिल्या महायुद्धातील सैन्याधिकारी होते आणि त्यांच्या पिण्याचा प्रारंभ सैन्यातच झाला होता, हे मी मुद्दाम सांगतो. येथे शुल्क नाही, उपदेश नाही, आडनाव विचारणे नाही. व्यसनमुक्त झालेला मनुष्य नव्याने आलेल्याला आपली कथा सांगतो, आणि एकेक दिवस मद्याविना काढण्याचा संकल्प होतो. फौजीला हे पटकन उमगते, कारण समोरचा त्याला आपल्या पलटणीतला वाटतो.

कुटुंबाविषयी दोन शब्द. पतीचे व्यसन पत्नी वर्षानुवर्षे झाकते. कामावर 'ताप आला आहे' म्हणून निरोप धाडते, उधारी फेडते. यात प्रेम असते, पण व्यसनाला त्याने निवाराच मिळतो. अशा कुटुंबीयांसाठी १९५१ पासून 'अल-अॅनॉन' हे स्वतंत्र गट आहेत. रुग्ण तयार नसला तरी पत्नीने एकटीने तेथे जावे, समुपदेशकांना भेटावे. तिचा धीर वाढला की घरातील वारे बदलते. पुन्हा पिणे घडले तर 'सगळे व्यर्थ गेले' असे मानू नये. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून आपण उपचार सोडून देत नाही. तोच न्याय येथे लावावा.

यापुढील काळाचाही विचार करावयास हवा. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार बहुसंख्य तरुण चार वर्षांनी गावी परततील. त्यांना निवृत्तिवेतन नाही आणि माजी सैनिकांची आरोग्य योजनाही नाही. पंचविशीच्या आतबाहेरचा, हाती रक्कम असलेला, दिनक्रम हरवलेला हा तरुण वाट चुकण्यापूर्वीच त्याच्यापाशी कोणीतरी जावयास हवे.

आता या संस्थेकडे माझे मागणे. ते फार मोठे नाही. आठवड्यातून एक सायंकाळ आपल्या इमारतीतील एक खोली, बाहेर फलक न लावता, अशा सभेसाठी द्यावी. पाच कार्यकर्त्यांनी एखाद्या अनुभवी केंद्रात जाऊन प्रशिक्षण घ्यावे. त्यांत एक भगिनी आणि एक माजी सैनिक अवश्य असावेत. आपली रुग्णवाहिका अर्ध्या रात्री अशा रुग्णासाठीही निघावी. आणि ज्याचे उपचार पूर्ण झाले त्याला कोणीतरी सकाळचे काम द्यावे, कारण रिकामी सकाळ फौजीला सर्वाधिक सलते.

आपल्या परंपरेने सम्यग्दर्शनाची जी आठ अंगे सांगितली, त्यांत उपगूहन आहे आणि स्थितीकरणही आहे. दुसऱ्याचे उणे चव्हाट्यावर न मांडणे आणि डळमळणाऱ्याला पुन्हा स्थिर करणे. व्यसनमुक्तीच्या कामाची सारी पद्धत या दोन शब्दांत आली आहे. मी निराळे काय सांगणार?

एका वर्षात या खोलीत दोन माणसे जरी नियमाने येऊ लागली, तरी दोन घरांतील मुले रात्री निर्धास्त झोपतील. संस्थेच्या एक्कावन्नाव्या वर्षाच्या अहवालात त्यांची नावे छापली जाणार नाहीत, छापली जाऊही नयेत. परंतु त्या वर्षाच्या जमेच्या बाजूस ती दोन घरे असतील.