वळिवड्याच्या छावणीतले टपाल

कोल्हापूरजवळचे गांधीनगर आपण पाहिले असेल. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले. पण त्याआधी, १९४३ ते १९४८ या काळात, तिथे पोलंड देशाचे सुमारे ५,००० लोक राहत होते. तीच वळिवड्याची छावणी. जागा कोल्हापूर संस्थानची, खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारचा.

बहुतेक बायका नि मुलेच. १९४० च्या सुमारास रशियाने त्यांना घरातून उचलून सैबेरियाकडे नेले होते. सुटका झाल्यावर ही माणसे इराणमार्गे आपल्याकडे आली. कित्येकींचे नवरे, भाऊ जनरल अँडर्स यांच्या फौजेत गेले. मे १९४४ मध्ये ती फौज इटलीत, माँते कासिनोच्या डोंगरावर लढत होती.

आता पाहा, नवरा इटलीत, बायको पंचगंगेकाठी. मधे फक्त एक कागद. अन् तोही आधी लष्कराचा तपासनीस वाचणार! आपण कुठे आहोत, उद्या कुठे जाणार, हे शिपायाने लिहायचे नाही. मग काय लिहायचे? मी धड आहे, पोरे कशी आहेत, एवढेच.

त्याच इटलीत आपले मराठा पलटणीचे जवानही लढले. यशवंत घाडगे १९४४ साली तिथेच पडले. त्या जवानांची पत्रेही तपासली जात. पण गावात आल्यावर त्या पत्राला आणखी एक वाचणारा लागे. घरात कुणाला अक्षर येत नसले, की पत्र मास्तरांकडे न्यायचे. नवऱ्याने लिहिलेले चारचौघांत ऐकायचे. मास्तर घाईत असायचे. “पुन्हा एकदा वाचा,” असे तिसऱ्यांदा म्हणायला त्या माउलीला संकोच वाटे.