मापातील चूक आणि वाढीचा हिशेब
(तंजावर येथील व्याख्यानाचा मजकूर)



याच गावी, दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या राज्यकाळात, इ. स. १८०८ मध्ये विल्यम लॅम्बटन यांचे भूमापनाचे अवजड यंत्र बृहदीश्वराच्या देवळावर चढविताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून त्याचे वर्तुळ वाकले. कित्येक आठवडे खपून लॅम्बटनने ते पूर्ववत केले. बिघाड डोळ्यांना दिसत होता, म्हणून दुरुस्त झाला. अर्थशास्त्रज्ञाचे यंत्र म्हणजे आकडा. त्याचा बिघाड असा दिसत नाही.

या कावेरीकाठी भात मरक्कालाने मोजीत. बारा मरक्कालांचे एक कलम. पण साऱ्या मुलखाचे पीक कोण मोजणार? इंग्रजी अमदानीत एकरी सरासरी उतारा ठरलेला असे, आणि यंदाचे पीक त्याच्या किती आणे, हे गावकामगार नजरेने ठरवी. देशाकडील आणेवारी ती हीच. साऱ्याची सूट तिच्यावर अवलंबून; तेव्हा ती नजर अगदी निर्विकार असावी, ही अपेक्षा जरा भाबडीच!

अशाच आकड्यांवरून जॉर्ज ब्लिन यांनी १९६६ साली निष्कर्ष काढला, की १८९१ ते १९४७ या काळात ब्रिटिश हिंदुस्थानातील अन्नधान्य वर्षाला जेमतेम ०.११ टक्क्याने वाढले; लोकसंख्या मात्र ०.६७ टक्क्याने. ॲलन हेस्टन यांनी हरकत घेतली, की उताऱ्यातील घसरण शेतातील नसून अंदाजाच्या पद्धतीतील असावी. अर्ध्या शतकाचा इतिहास असा आणेवारीवर टांगलेला आहे.

सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे व त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनी १९४० नंतरच्या दशकात चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेल्या शेतांत पीक कापून तोलण्याची पद्धत रुजविली. तेथेही मेख होतीच. कापणीचा तुकडा फार लहान घेतला, की सीमेवरची रोपे आत ओढली जातात व उतारा फुगतो. प्रा. महालनोबिस लहान तुकड्यांचे पुरस्कर्ते, सुखात्मे मोठ्यांचे. वाद चांगलाच रंगला. मला सुखात्म्यांचे म्हणणे पटते. इकडेतिकडे होणारी चूक नमुने वाढविल्याने आटोक्यात येते. एकाच बाजूला झुकलेली चूक कितीही नमुने घेतले तरी तशीच राहते.

परंतु इकडेतिकडे होणारी चूकही वाढीच्या हिशेबात निरुपद्रवी नसते. समजा, दोन तालुक्यांचे उत्पन्न खरोखर शंभरावरून एकशेवीस झाले. आरंभीची नोंद एकाची ऐंशी, दुसऱ्याची एकशेदहा पडली. आता पहिला पन्नास टक्के वाढला असे दिसते, दुसरा अवघा नऊ टक्के. कोणीही म्हणेल, गरीब तालुका श्रीमंताला गाठतो आहे. प्रत्यक्षात कोणी कोणाला गाठलेले नाही. आरंभीची चूकच वाढीच्या आकड्यात उलटी होऊन उतरली.

विल्यम बॉमोल यांनी १९८६ साली सोळा देशांच्या १८७० पासूनच्या आकड्यांवरून मागासलेले देश पुढारलेल्यांना गाठतात असे प्रतिपादिले, तेव्हा ब्रॅडफर्ड डी लाँग यांनी १९८८ मध्ये नेमके हेच दाखविले. शिवाय निवडलेले देश मुळात पुढे श्रीमंत झालेलेच होते, हाही आक्षेप घेतला.

उपाय एकच बऱ्यापैकी ठाऊक आहे: त्याच गोष्टीचे, पहिल्या मापाशी संबंध नसलेले, दुसरे माप शोधणे. मद्रास इलाख्याच्या सरकारी आकड्यांपूर्वीचे असे माप येथेच असू शकेल. तंजावरच्या राजदरबाराची मोडी कागदपत्रे या शहरात आहेत. त्यांतील बऱ्याच रुमालांना अद्याप अर्थशास्त्राच्या अभ्यासकाचा हात लागलेला नाही. मोडी वाचणारे कोणी आपल्या घरात असतील, तर त्यांनी व्याख्यानानंतर अवश्य भेटावे.