पत्र्याआडची तार

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं गांवें एकामागून एक लागतात. पूर्वीं वाटसरू येथें घोडे बदलीत, म्हणून बदलापूर हें नांव पडलें, अशी लोकांत समजूत आहे. घोड्याचे दांत आणि खूर पाहिले कीं त्याची परीक्षा होई. मोटारीचें तसें नाहीं. तिचे दोष पत्र्याआड आणि अस्तराखालीं दडून असतात.

श्रोत्यांनीं अशी एक गाडी डोळ्यांपुढें आणावी. जुन्या मालवाहू गाडींत मालकानें निजण्याची फळी, दिवे आणि पंखा बसवून तिचें फिरतें घर केलें. तारा कोठून नेल्या, याची नोंद कोठेंच नाहीं. पुढें कपाट बसविण्यासाठीं ती उल्हासनगरच्या एका सुताराकडे गेली. त्यानें भोक पाडून स्क्रू आवळला आणि दोन दिवसांनीं अस्तरांतून धूर निघाला. मालक म्हणतो, "तार यानेंच तोडली." सुतार म्हणतो, "तेथें तार आहे, हें मला कोणी सांगितलें?" एकाची पुंजी आणि दुसऱ्याची महिन्याची कमाई पणाला लागली आहे. भरपाई कोणीं द्यावी?

१८७२ च्या करार कायद्यांत याचें उत्तर आहे. कामासाठीं ताब्यांत घेतलेल्या वस्तूची काळजी, सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तितकी घ्यावी, असें १५१ वें कलम सांगतें. तेवढी घेतली असेल, तर वेगळा करार नसल्यास नुकसानीचा बोजा त्याच्यावर नाहीं, असें १५२ वें कलम म्हणतें. उलट, ठाऊक असलेला धोक्याचा दोष मालकानें लपविला आणि त्यामुळें कारागिरास इजा झाली, तर १५० व्या कलमान्वयें मालकच जबाबदार ठरतो.

म्हणजे प्रश्न उरतो तो काळजीचा. अस्तर न उचलतां, बॅटरी न सोडवितां भोक पाडणें ही काळजी नव्हे. बारा व्होल्टचा झटका हातास सहसा जाणवत नाहीं, म्हणून पुष्कळजण बेफिकीर राहतात. परंतु फ्यूज नसलेली तार पत्र्यास टेकली, तर तीच तापून आग लावते.

तथापि, शेवटचा हात ज्याचा लागला त्याचाच दोष, हेंही अनुमान बरोबर नव्हे. जुलै २०१९ मध्यें उल्हास नदीच्या पुरानें बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली होती. अशा पाण्यांत उभ्या राहिलेल्या मोटारींच्या तारांचे सांधे कित्येक महिन्यांनींही कुजून निकामी होतात. नुकतें तुटलेलें तांबें लखलखीत दिसतें. जुन्या सांध्यावर हिरवा कळंक चढलेला असतो. निवाड्यापूर्वीं तो भाग जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावा आणि तोंवर तुटकी तार फेकूं नये. आपसांत मिटलें नाहीं, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार करतां येते.

मालकानें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. नोंदणीपत्राशीं न जुळणारा फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आडवें येतें, आणि मग विम्याच्या दाव्यांतही अडचण उद्भवूं शकते.

तेव्हां काम हातीं घेण्यापूर्वीं तारांचा मार्ग, पूर्वींचे फेरफार आणि पाण्यांत गेल्याची हकीकत एका कागदावर लिहून उभयतांनीं सह्या कराव्यात. त्यास दहा मिनिटें लागतात. तंटा मात्र वर्षानुवर्षें चालतो.