पोरीला मानसशास्त्र घेऊ द्यायचं का?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेतील भाषण)



दोन लेकरं पदरात असताना, वयाच्या ३४व्या वर्षी मी तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. विषय घेतला मानसशास्त्र. गावात लोक म्हणायचे, "आता ही वेड्यांची डॉक्टरीण होणार." काही जणी माझ्यापुढं बसायला बिचकायच्या, मनातलं ओळखेल म्हणून! आता तुम्हीच विचारता, पोरीला हा विषय घेऊ द्यायचा का? म्हणून तीन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट. मनातलं ओळखायची विद्या तिथं शिकवत नाहीत, तपासून बघायला शिकवतात. एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकानं स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली मांडलं, की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं, मग विसरणं मंदावतं. हे कळल्यावर मी आज वाचलेलं उद्या भाकरी थापताना आठवायची, परत आठवड्यानं आठवायची. संख्याशास्त्रही असतं, पण समूहाचा हिशोब लिहिणाऱ्या बाईला सरासरीची काय भीती?

दुसरी गोष्ट. मी दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या समूहातली एक ताई बाळंतपणानंतर बैठकीला यायची बंद झाली. बचतही थांबली. आम्ही नियमाप्रमाणं दंड लावला, मीही सही केली. पुढं कॉलेजात नैराश्याचा धडा आला. झोप नाही, भूक नाही, कशातच मन नाही. वाचता वाचता तीच डोळ्यांपुढं आली. त्या सहीची लाज वाटली.

तिच्या घरी गेले. जवळ बसून सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का गं?" असं विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात भरत नाही, हे मी शिकले होते. ती रडत "हो" म्हणाली. मी उपचार केले नाहीत, ते माझं काम नव्हे. तिला एकटं सोडलं नाही. सासूबाईंना समजावलं आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार डॉक्टरांकडं नेलं. आज ती समूहाची सचिव आहे. तिला विचारूनच हे सांगतेय.

तिसरी गोष्ट, नोकरीची. खरं तेच सांगते. कोणत्याही शाखेची बारावी झालेल्या मुलीला बी.ए.ला जाता येतं. पदवीवर स्पर्धा परीक्षा देता येतात, पुढं एम.ए. करता येतं. पण नुसत्या बी.ए.वर कुणी मनाचे उपचार करायचे नसतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायला आणखी शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. गोळ्या लिहून देणारे मानसोपचारतज्ज्ञ आधी एम.बी.बी.एस. झालेले असतात. प्रवेशाआधी कॉलेजात विचारा: तिन्ही वर्षं हा विषय आहे का? प्रात्यक्षिकं होतात का? पेपर मराठीत लिहिता येतो का?

एवढं बघून पोरीला आवड असेल, तर अडवू नका.

आणि एक काम आजपासून करा, त्याला पदवी लागत नाही. सलग दोन बैठकांना न आलेल्या बाईला दंड लावण्याआधी तिच्या घरी जा. जवळ बसा, विचारा. गरज वाटली तर १४४१६ हा 'टेली-मानस'चा नंबर लावा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येतं. बचतीच्या वहीच्या पहिल्या पानावर हा नंबर आजच लिहून ठेवा.