ओसरीवरचा पाहुणा आणि त्याची वही



दारी कुणी वही घेऊन आला की आपल्याकडे त्याला आधी पाणी देतात, मग काय काम काढलेत म्हणून विचारतात. पुष्कळदा विचारतच नाहीत. त्या न विचारण्याबद्दल आज आपल्याशी बोलायचे आहे.

वर्धा जिल्ह्याला पाहणीची सवय जुनी. मगनवाडीत काम करणारे जे. सी. कुमारप्पा यांच्या अध्यक्षतेखाली १९३८-३९ साली मध्यप्रांत-वऱ्हाडातील उद्योगांची पाहणी झाली. अशा पाहणीत मोजायचे असते. घाणे किती, माग किती. बेरजेत कुणाचा चेहरा दिसत नाही. पण दुसऱ्या तऱ्हेचेही संशोधन असते, विद्वान त्याला गुणात्मक संशोधन म्हणतात. त्यात माणसाला बोलते करायचे आणि त्याची हकीकत त्याच्याच शब्दांत टिपून घ्यायची. काम मोलाचे आहे खरे, कारण माणसावर काय गुजरले ते आकडा सांगत नाही. मात्र इथे माणूस आपल्या घरातली गोष्ट परक्याच्या हाती देत असतो.

२००६ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली. त्या सहांत वर्धा होता. त्या काळात अभ्यासक, विद्यार्थी, वार्ताहर असे कितीतरी लोक त्या घरांचे उंबरे झिजवून गेले. मीही त्यातलाच एक. एका गावी गुरुजींनी मला एका बाईंकडे नेले. बाई दीड तास बोलल्या. चहा झाला. मी उठलो, तेव्हा त्यांनी हळूच विचारले, "साहेब, मंग आमचं नाव पात्रमध्ये येईन का जी?"

मी जागीच थांबलो. कर्ज, नापिकी आणि वसुलीचा तगादा सिद्ध झाला तर प्रकरण 'पात्र' ठरे व घराला एक लाख रुपये मिळत, नाहीतर 'अपात्र'. बाईंना वाटले होते, तो निकाल माझ्या वहीत आहे. मी खोटे काही बोललो नव्हतो. पण मी कोण, कशासाठी आलो आणि माझ्या हाती काय नाही, हे नीट सांगितलेही नव्हते. मग त्यांनी दिलेल्या होकाराला होकार तरी कसे म्हणावे?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ साली आरोग्यविषयक संशोधनासाठी नीतिनियम प्रसिद्ध केले. त्यांप्रमाणे होकार राजीखुशीचा हवा, आणि मध्येच 'आता पुरे' म्हणण्याची मुभा हवी. गावच्या पुढाऱ्याने परवानगी दिली म्हणून घरच्या माणसाची संमती मिळाली असे होत नाही. वाचता येत नसेल त्याच्यासाठी निःपक्ष साक्षीदार लागतो.

गुरुजी, आता थोडे तुमच्याशी. पाहुणा सोबत कुणाला मागतो? तुम्हालाच. तुमचा त्यात काडीचा स्वार्थ नसतो, हे मी जाणतो. पण जिचे पोर तुमच्या वर्गात आहे, ती माउली तुमच्यादेखत पाहुण्याला नाही कशी म्हणेल? आणि तुम्हीच घेऊन आलात, तर तुम्ही निःपक्ष साक्षीदार कसे? तेव्हा ओळख करून द्या, पाहुणा कोण ते त्याच्याच तोंडून वदवून घ्या, आणि शाळेत परत जा. बाईंना विचार करायला एक रात्र मिळाली तर फारच उत्तम. घाई असली तर ती पाहुण्याला असते, घराला नसते.

"नाव छापणार नाही," असे आम्ही मोठ्या विश्वासाने सांगतो. शहरात ते चालून जाते. शंभर उंबऱ्यांच्या गावात पाच एकर कोरडवाहू, दोन मुली आणि दुकानदार भासरा एवढे लिहिले की नाव कशाला हवे?

त्या दिवशी मी पुन्हा खाली बसलो. निकाल माझ्या हाती नाही, सरकारशी माझा संबंध नाही, हे सगळे सांगितले. पाने फाडून टाकू का, असेही विचारले. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "लिवलं ते राहू द्या. पण भासऱ्याचं तेवढं खोडून टाका."

मी दोन ओळी खोडल्या. बाई सातवी शिकलेल्या. त्यांनी वही हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, "अजून वाचता येते जी." मी त्या ओळी पुन्हा खोडल्या.