पांचशें मुलांचें गाणें

अमेरिकेच्या फ्लॉरिडा संस्थानांत जॅक्सनव्हिल नांवाचें शहर आहे. गुलामगिरी इ. स. १८६५ मध्यें कायद्यानें नष्ट झाल्यावर थोड्याच वर्षांत तेथें कृष्णवर्णीय मुलांसाठीं एक शाळा निघाली. लिंकनचे युद्धमंत्री स्टॅन्टन यांचें नांव तिला देण्यांत आलें. ता. १२ फेब्रुवारी १९०० रोजीं, लिंकनच्या जयंतीस, त्या शहरांतील पांचशें मुलांनीं एका सुरांत एक नवें गाणें म्हटलें. प्राथमिक शाळेंतील संगीताच्या तासानें मुलांच्या पदरांत काय टाकावें, ह्या प्रश्नाचें उत्तर त्या एका गाण्याच्या चरित्रांत सांपडतें.

गाण्याचे शब्द लिहिणारे जेम्स वेल्डन जॉन्सन हे त्याच शाळेचे मुख्याध्यापक होते. ते ह्याच शाळेंत शिकले होते आणि त्यांची आईही तेथें शिक्षिका होती. जयंतीच्या सभेंत भाषण करण्याची विनंती त्यांस झाली. आधीं लिंकनवर एक काव्य रचण्याचा त्यांचा विचार होता. परंतु दिवस थोडे उरले होते. तेव्हां त्यांनीं मुलांस म्हणतां येईल असें गाणें करण्याचें ठरविलें. धाकटे बंधु रोझमंड बोस्टन येथें संगीताचें शिक्षण घेऊन आले होते. त्यांनीं चाल बांधली. ‘लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग’ हें त्या गाण्याचें नांव. त्याचीं कडवीं तीन. आरंभीं सर्वांस गाण्याचें आवाहन, मध्यें पूर्वजांनीं तुडविलेल्या कष्टमय वाटेचें स्मरण, आणि शेवटीं ईश्वराची प्रार्थना. एका समाजाचा सारा इतिहास त्यांत आला. पण त्यांत सनावळी नाहीं.

पुढील वर्षीं, १९०१ सालीं, जॅक्सनव्हिल शहरास प्रचंड आग लागली आणि स्टॅन्टन शाळेची इमारत भस्मसात् झाली. दोघे बंधु न्यूयॉर्कला गेले व आपलें गाणें विसरूनही गेले. मुलें मात्र विसरलीं नाहींत. तीं दुसऱ्या शाळांत गेलीं, तेथें गाणें म्हणूं लागलीं. मोठेपणीं त्यांतील कित्येक शिक्षक झालीं आणि त्यांनीं तें आपल्या विद्यार्थ्यांस शिकविलें. वीस वर्षांच्या आंत तें दक्षिणेंत सर्वत्र पसरलें. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीं झगडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेनें १९१९ मध्यें त्यास आपल्या समाजाचें गीत म्हणून मान दिला. शाळा जळाली, कर्ते दूर गेले; गाणें तरलें तें मुलांच्या कंठांत.

ह्यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. गुलामगिरीच्या काळीं दक्षिणेंतील अनेक संस्थानांत गुलामांस अक्षर शिकविणें हाच गुन्हा होता. ज्यांस पुस्तक मिळूं दिलें नाहीं, त्यांची आठवण कंठांतच राहणार! एकानें ओळ म्हणावी, इतरांनीं ती उचलावी, ह्या रीतीनें शेतांत आणि प्रार्थनेंत त्यांचीं गाणीं चालत. पण मुक्तीनंतर ह्याच गाण्यांची तरुणांस लाज वाटूं लागली. नॅशव्हिल येथील फिस्क विद्यालय १८६६ मध्यें निघालें आणि पांच वर्षांतच कर्जांत बुडालें. तेथील खजिनदार व संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट हे १८७१ मध्यें नऊ विद्यार्थ्यांस घेऊन गायनाच्या दौऱ्यावर निघाले. त्यांतील बहुतेकांनीं दास्य स्वतः भोगलें होतें. आईबापांचीं गाणीं परक्यांपुढें म्हणण्यास तीं मुलें प्रथम कचरत. जमिनीवर बसून, हळू आवाजांत, एकमेकांपासून तीं शिकून घेत. पुढें त्याच गाण्यांनीं सभागृहें भरलीं, १८७३ मध्यें व्हिक्टोरिया राणीनेंही तीं ऐकलीं, आणि मिळालेल्या पैशांतून विद्यालयाची भव्य इमारत उभी राहिली. परंतु इमारतीहून मोठी मिळकत ही कीं, ज्याची लाज होती त्याचाच अभिमान झाला.

गाण्यानें राखलेला हा इतिहास पुस्तकांत आणण्याचें काम कार्टर वुडसन यांनीं केलें. त्यांचे आईबाप एके काळीं गुलाम होते. त्यांनीं स्वतः कोळशाच्या खाणींत काम केलें आणि पुढें १९१२ मध्यें हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टर पदवी मिळविली. पाठ्यपुस्तकांत आपल्या समाजास स्थान नाहीं हें पाहून त्यांनीं १९२६ मध्यें फेब्रुवारींत ‘निग्रो इतिहास सप्ताह’ सुरू केला. त्या आठवड्यांत लिंकनची आणि गुलामगिरीविरुद्ध झगडलेल्या फ्रेडरिक डग्लस यांची जयंती येते. १९७६ पासून सप्ताहाचा महिना झाला. इंग्लंडांत असा महिना १९८७ पासून ऑक्टोबरांत पाळतात.

उत्सवाला एक भय मात्र असतें. मुलें टाळ्या वाजवून एक गोड चाल म्हणतात आणि घरीं जातात. गाणें उरतें, इतिहास गळून पडतो. म्हणून शिक्षकानें आधीं शब्दांचा अर्थ सांगावा, हें गाणें कोणीं आणि कोणत्या दुःखांतून रचलें हें सांगावें, मग सूर लावावा. वर्गांत त्या समाजाचें एखादेंच मूल असेल, तर सर्वांच्या दृष्टि त्याच्यावर खिळवूं नयेत; दुःखाचा वारसा त्या एकट्याच्या माथीं नको, तो ऐकण्याचें कर्तव्य सर्वांचें. आणि महिना संपला म्हणून पुस्तक मिटूं नये.

श्रोतेहो, हा विषय महाराष्ट्रास परका नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि अमेरिकेंतील गुलामांच्या मुक्तीसाठीं झटलेल्या सज्जनांस तो अर्पण केला. सातां समुद्रांपलीकडील दुःख त्यांनीं आपलें मानलें. प्राथमिक शाळेंतील लहान मुलाला एवढा मोठा ग्रंथ वाचतां येणार नाहीं. पण तीन कडवीं त्यास पाठ होतील. तीं अर्थासह पाठ झालीं, तर पुढें तें मूल ग्रंथाकडे आपण होऊन वळेल.